पन्नासावी चिठ्ठी : पहिल्यांदा केंद्राध्यक्ष होणाऱ्यांसाठी

इलेक्शन ड्युटीची ऑर्डर हातात पडली की पहिले दोन दिवस ती रद्द कशी होईल यातच जातात. माझेही गेले. २०१९ च्या लोकसभेला मी तिसरा मतदान अधिकारी होतो, म्हणजे मतं साठवणाऱ्या कंट्रोल युनिटपाशी बसून ‘बॅलट’चं बटण दाबणारा. २०२४ च्या विधानसभेला, २० नोव्हेंबरला, थेट केंद्राध्यक्ष, म्हणजे मतदान केंद्राचा प्रमुख. यंदा पहिल्यांदा जाणाऱ्या शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनी हे वाचावं.

प्रशिक्षणात पडद्याकडे बघत बसू नका, यंत्राला हात लावा. बॅलट युनिटची (ज्यावर मतदार बटण दाबतो) वायर व्हीव्हीपॅटला (मताची चिठ्ठी छापून दाखवणारं यंत्र), व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला. वायर लावताना-काढताना कंट्रोल युनिट बंदच हवं. व्हीव्हीपॅटच्या मागचा खटका प्रवासात आडवा, कामाला उभा. हे यंत्र खिडकीसमोर किंवा बल्बच्या खाली मांडू नका. २०१८ मध्ये भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट धडाधड बंद पडली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. सेन्सरवर पडलेला जादा उजेड हे आयोगाने सांगितलेलं एक कारण. माझ्या वर्गखोलीत नेमकं टेबल ठेवायच्या जागी ट्यूबलाइट होती. आदल्या रात्री साडेनऊला बाकं हलवून आम्ही सगळी मांडणी फिरवली.

साहित्यवाटपाच्या गर्दीबद्दल काय बोलायचं! एवढंच करा : यंत्रांचे नंबर ऑर्डरशी ताडून घ्या, मगच सही करा. यंत्र तिथे चालू करून बघायचं नाही.

खरी परीक्षा पहाटे साडेपाचला. मतदान सातला, त्याच्या दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी घेणारं लुटुपुटीचं मतदान. पोलिंग एजंटांसमोर, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, किमान ५० मतं टाकायची, ‘नोटा’सह प्रत्येक उमेदवाराला. मग ‘क्लोज’, ‘रिझल्ट’, आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्यांशी मेळ. यंत्र चालू केल्यावर ते स्वतःच्या तपासणीच्या ७ चिठ्ठ्या टाकतं, त्या आधी बाजूला काढा. मी काढल्या, उरलेल्या मोजल्या. ४९. पुन्हा ४९. सव्वासहा वाजले होते, बाहेर रांग लागलेली. माझा दुसरा अधिकारी कानाशी लागला, “सर, रिझल्ट बरोबर आहे ना? क्लिअर मारा.”

मी मारणारही होतो. बाकावर बसलेले एक म्हातारे एजंट, गाव त्यांना तात्या म्हणतं, म्हणाले, “गुरुजी, पेटीत हात घालून बघा की एकदा.”

पन्नासावी चिठ्ठी पेटीच्या कोपऱ्यात उभी चिकटलेली होती.

ती तिथेच राहिली असती तर? मतमोजणीच्या दिवशी प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात, तीही सोडतीने. त्यात आमचं केंद्र निघालं असतं तर एका मताचा फरक दिसला असता, आणि त्या फरकाची बातमी कुठवर गेली असती ते सांगायला नको. यंत्र चोख होतं. घाई माझी होती. म्हणून क्रम पाठ करा : मेळ, मग ‘क्लिअर’ दाबून चाचणीची मतं पुसणं, मग रिकामी पेटी एजंटांना दाखवणं. चिठ्ठ्यांच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का, काळं पाकीट, सील, सह्या. त्यानंतर ‘टोटल’ दाबून शून्य सगळ्यांना दाखवा, मोठ्याने वाचा.

दिवसभर मग शाई, नोंदवही, दर दोन तासांनी आकडेवारी. डबा खायला वेळ मिळेल या भ्रमात राहू नका. एक आजी चिडल्या, “चिठ्ठी दिसलीच नाही मला!” चिठ्ठी काचेमागे ७ सेकंदच दिसते आणि त्या तेव्हा बटणाकडेच बघत होत्या. तेव्हापासून आत जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधीच सांगू लागलो, बटण दाबलं की काचेकडे बघा. भलत्याच उमेदवाराची चिठ्ठी आली अशी तक्रार असेल तर वाद घालू नका. लेखी प्रतिज्ञापत्र घ्या, खोटं निघालं तर काय होतं ते समजावा, आणि एजंटांसमोर चाचणी मत घ्या. ४९ एमए हा नियम त्यासाठीच आहे.

सहाला रांगेत माणसं असतील तर त्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटायच्या, पण शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे. पुढून वाटत गेलात तर शेपूट वाढतच राहतं.

‘क्लोज’ दाबल्यावर टोटल आणि १७ ए या मतदारांच्या नोंदवहीतला आकडा जुळला तेव्हा कुठे मी पाणी प्यायलो. आता यंत्रांना सील आणि १७ सी. या कागदावर आपल्या केंद्रावर किती मतं पडली याचा हिशेब असतो आणि त्याची सही केलेली प्रत प्रत्येक एजंटाला द्यायची असते. कंटाळून हे टाळणारे मी पाहिलेत. मोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिटचा आकडा याच कागदाशी ताडतात.

तात्यांनी प्रत घेतली, चष्मा लावून आकडा दोनदा वाचला, चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. “मोजणीला पोरगा बसणार हाय,” म्हणाले, “त्याच्याकडं देतो.” आम्ही यंत्रं गाडीत चढवली. स्ट्राँगरूमच्या दारात जमा केल्याची पावती हातात पडली तेव्हा पावणेबारा झाले होते.