दिवे आवाजावर, गीझर ॲपवर

हात कणकेत माखलेले असताना "अलेक्सा, किचन लाइट ऑन" यासारखी दुसरी सोय नाही. समोर दिसणारी आणि चुकली तरी बिघडत नाही अशी कामं आवाजावर सोपवा. गीझर आणि दाराचं कुलूप ॲपवरच ठेवा.

जोडणी आधी स्मार्ट प्लग (सॉकेटमध्ये लावायचा, वाय-फायवरून चालू-बंद होणारा प्लग) किंवा स्मार्ट बल्बच्या कंपनीच्या ॲपमध्ये करायची. बहुतेक प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. फोन ५ वर असला की काही वेळा जोडणी अडते, म्हणून राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या आणि फोन २.४ वर घ्या. प्लगचं बटण साधारण ५ सेकंद दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकू लागला की ॲपमध्ये 'ॲड डिव्हाइस' करा. मग अलेक्साच्या ॲपमध्ये त्या कंपनीचं स्किल (अलेक्साला त्या कंपनीची उपकरणं चालवू देणारी जोडणी) सुरू करून खातं जोडा.

आवाजाची निम्मी भांडणं नावांवरून होतात. 'हॉल लाइट', 'हॉल लाइट २', 'हॉल फॅन लाइट' अशी नावं ठेवली की स्पीकर "कोणता?" विचारतो, नाहीतर भलताच दिवा लावतो. 'झुंबर', 'कोपरा' अशी कानाला वेगळी वाटणारी नावं द्या. नाव आठवडाभर वापरून बघा. दोनदा चुकीचं ऐकलं गेलं तर बदला. खोलीचा ग्रुप करून तिथला स्पीकर त्यातच टाकलात, तर नुसतं "लाइट ऑफ" म्हटलं तरी त्याच खोलीतले दिवे बंद होतात.

आता गीझर. २ किलोवॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३. प्लग १६ अँपिअरचाच घ्या. ६ अँपिअरचा तापून जळतो. दहा मिनिटांनी प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर सॉकेट बहुधा ढिलं आहे, ते बदलून घ्या. आवाजाने गीझर लावला आणि मध्येच नेट गेलं, तर "ऑफ" प्लगपर्यंत पोचतच नाही. म्हणून ॲपमध्ये २० मिनिटांचा टायमर लावा. हा टायमर बऱ्याच प्लगांत प्लगमध्येच चालतो, पण खात्री करून घ्या: २ मिनिटांचा टायमर लावून राउटर बंद करा. प्लग वेळेवर बंद झाला तरच त्याच्यावर विसंबा.

लाइट जाऊन आल्यावर काय व्हावं, तेही ॲपमध्येच ठरतं. गीझरच्या प्लगला 'ऑफ' ठेवा, बल्बला 'आधीची स्थिती'. नाहीतर रात्री तीनला लाइट आली की बेडरूम लख्ख उजळते.

भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं की स्मार्ट बल्ब आवाजालाही ऐकत नाही आणि ॲपलाही. घरात आजी-आजोबा असतील तर बल्बऐवजी बोर्डाच्या आत बसणारा स्मार्ट स्विच घ्या, म्हणजे बटणही चालतं. त्याला बहुधा न्यूट्रल वायर लागते. बोर्डावर सॉकेट असेल तर ती तिथे आलेली असते. एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) पाडून इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या.

कुलूप स्पीकरला जोडूच नका. उघड्या खिडकीतून बाहेरचा आवाजही आत ऐकू येतो.