जांभळाच्या बियांवर फिनॉलिक्सचा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

एमएस्सीला फिनॉलिक्स (वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट गुणाची संयुगं) आणि अँटिऑक्सिडंटचा प्रोजेक्ट मिळाला की सगळे आधी डीपीपीएचचा, म्हणजे अँटिऑक्सिडंट ताकद मोजायच्या टेस्टचा, प्रोटोकॉल शोधत बसतात. मी जांभळाच्या बियांवर काम केलंय आणि माझं मत पक्कं झालंय, की तुमचा आकडा चांगला येणार की वाईट हे स्पेक्ट्रोपर्यंत (द्रावणाचा रंग मोजणाऱ्या यंत्रापर्यंत) पोचायच्या आधीच ठरलेलं असतं.

बिया जूनमध्ये ज्यूसवाल्यांकडे मागा, ते फेकूनच देतात. गर पूर्ण धुवून काढा, नाहीतर गरातली साखर आणि अँथोसायनिन (गराचा जांभळा रंग) बियांच्या नावावर जमा होतं. कडक उन्हात नको, ओव्हनला ४० डिग्रीवर वाळवा, मिक्सर थांबत थांबत फिरवा म्हणजे पीठ तापत नाही, आणि ओलावा मोजून ठेवा कारण शेवटी आकडा कोरड्या वजनावर द्यायचा असतो. जास्तीची पावडर हवाबंद करून डीप फ्रीजरला ठेवा, सीझन संपला की परत सॅम्पल मिळत नाही.

सॉल्व्हंटवर, म्हणजे पावडरमधून एक्स्ट्रॅक्ट (अर्क) काढायच्या द्रवावर, वेळ घालवा, खरंच. या बीत गॅलिक ॲसिड, इलॅजिक ॲसिड आणि भरपूर टॅनिन असतं, आणि टॅनिन ७० टक्के ॲसिटोनमध्ये छान उतरतं. नुसतं मिथेनॉल घेतलं तर त्याच पावडरचा आकडा वेगळा येतो, म्हणून दोन-तीन सॉल्व्हंट लावून बघाच. जवस किंवा तीळ असेल तर आधी हेक्झेनने तेल काढावं लागतं, जांभळाच्या बीत तेल अगदी कमी.

फोलिनच्या टेस्टला (ही एकूण फिनॉलिक्स मोजायला) आधी फोलिन घाला, काही मिनिटांनी सोडियम कार्बोनेट, कारण अल्कलीत फोलिन फार टिकत नाही. रीडिंग ७६५ नॅनोमीटरला, गॅलिक ॲसिडचा स्टँडर्ड कर्व्ह त्याच दिवशीचा. आणि हे लक्षात ठेवा की फोलिन व्हिटॅमिन सी, साखर, प्रोटीन यांच्याशीही रिॲक्ट होतं, व्हायवाला हे विचारतातच.

डीपीपीएच ५१७ला, जांभळ्याचं पिवळं होतं, ठेवायचं अंधारात. एक्स्ट्रॅक्टला स्वतःचा रंग असतो त्यामुळे सॅम्पल ब्लँक (डीपीपीएच न घालता नुसत्या एक्स्ट्रॅक्टचं रीडिंग) घ्यायचाच. आयसी ५०, म्हणजे निम्मं डीपीपीएच संपवायला लागणारं एक्स्ट्रॅक्टचं प्रमाण, तुम्ही डीपीपीएच किती घेतलं, किती वेळ ठेवलं यावर बदलतो, मग दुसऱ्याच्या पेपरमधल्या आकड्याशी सरळ तुलना करून काय मिळणार? त्यापेक्षा तुलनेसाठी सोबत ट्रोलॉक्स किंवा ॲस्कॉर्बिक ॲसिड हे स्टँडर्ड अँटिऑक्सिडंट चालवा. एबीटीएस (अँटिऑक्सिडंट ताकदीचीच दुसरी टेस्ट) करणार असाल तर द्रावण आदल्या संध्याकाळीच करून ठेवा, १२ ते १६ तास लागतात.

डिस्कशनमध्ये "डायबिटीसवर गुणकारी" वगैरे प्लीज लिहू नका, कितीही मोह झाला तरी. टेस्ट ट्यूबमधली अँटिऑक्सिडंट ताकद म्हणजे शरीरातला परिणाम नव्हे, अमेरिकेच्या कृषी खात्याने तर याच कारणाने २०१२ मध्ये आपला ओरॅक डेटाबेस (खाद्यपदार्थांच्या टेस्ट ट्यूबमधल्या अँटिऑक्सिडंट आकड्यांचा) वेबसाइटवरून काढून टाकला. कुठला सॉल्व्हंट, किती तास, कुठलं स्टँडर्ड, हे नीट लिहा, पुढे कुणाला तुमचं काम परत करून बघायचं असेल तर त्याला तेच लागणार आहे.