पोपटाचं पिल्लू दाणे टिपतंय, पण पोटात जातंय का?

विकणारा सांगतो, 'आता स्वतः खातं.' त्यावर लगेच विसंबू नका. पिल्लू दिवसभर वाटीत चोच घालतं, दाणा तोंडात घोळवतं आणि टाकून देतं. वाटीत नुसती टरफलं उरली आहेत की अख्खे दाणे, ते बघा. मान वरखाली हलवत सारखं किरकिरत असेल, तर त्याला अजून भरवावं लागणार.

खरा हिशेब वजनाचा. रोज सकाळी, काही खायच्या आधी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. सलग घटत गेलं तर थांबू नका, पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.

भरवायचं ते पिल्लांसाठीचं तयार खाद्य, दूध-पोळी नको. ते साधारण ३९ ते ४१ अंश सेल्सिअस हवं, आणि थर्मामीटरनेच मोजा, बोटाचा अंदाज चुकतो. जास्त गरम असेल तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, गार असेल तर अन्न तिथेच साचून आंबतं. मायक्रोवेव्ह तर नकोच, एखादाच घास चटका देणारा निघतो. रात्रीचं खाणं सकाळपर्यंत त्या पिशवीतून उतरलं नसेल, तर वरून आणखी भरवू नका, आधी डॉक्टरला दाखवा. आणि भरवायची सवय नसेल तर सिरिंज कशी धरायची ते त्यांच्याकडूनच शिका; अन्न श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू दगावतं.