सारसोळे जेट्टीवर फ्लोटने मासेमारी: भरतीत आमिष तळापासून वर उचललं जायचं, त्यावर सापडलेला उपाय

बांगड्यासाठी फ्लोट (पाण्यावर तरंगणारा बोया) कसा लावायचा, असं विचारलंत. बांगडा खुल्या समुद्राचा मासा, नेरूळच्या खाडीत, सारसोळे जेट्टीवर, आपण जिताड्याच्या (खाडीतला मोठा शिकारी मासा) मागे असतो, पण फ्लोटची भानगड दोन्हीकडे सारखीच. उधाणाच्या भरतीला आपल्याकडे पाणी 4 मीटरच्या आसपास चढतं आणि मधल्या तासात तर बघता बघता मीटरभर वाढतं. फ्लोट तंगुसावर (गळाच्या नायलॉन दोरीवर) फिक्स असला की पाणी वाढेल तशी आमिषाची कोलंबी तळापासून वर वर जाते, खाली जिताडा असला तरी त्याला पत्ता नाही. आणि खोली जास्त ठेवावी तर फ्लोट ते गळ अंतर रॉडपेक्षा लांब होतं, मग फेकणार कसं?

यावर एकच इलाज, सरकता फ्लोट. मेन तंगुसावर जाड दोऱ्याची छोटी गाठ मारायची, खाली मणी, मग भोकाचा फ्लोट, मग शिसं (वजन), स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि शेवटी गळ. गाठ रॉडच्या रिंगांतून आरामात रीळवर जाते, फेकल्यावर शिसं खाली उतरतं आणि मणी गाठीला अडला की फ्लोट उभा राहतो. गाठ ओली करूनच आवळा, कोरडी सरकवली की तंगूस घासून कमजोर होतो. फ्लोट आडवा पडला म्हणजे शिसं चिखलात टेकलंय, गाठ वीतभर गळाकडे घ्या, नाहीतर शिंगाळेच (तळाशी चरणारे मिशाळ मासे) लागत राहतात. भरती चढेल तशी गाठ परत वर, रॉडकडे सरकवत जायची, हे मात्र विसरू नका.

कोलंबी जिवंतच हवी हां, डोक्यातल्या काळ्या डागाला धक्का न लावता डोक्यावरच्या पुढे आलेल्या टोकदार काट्याखालून गळ घाला, बराच वेळ पाय मारत राहते.