बसवलेल्या लायब्ररीचा पत्ता कंपायलरला कसा द्यावा

"सर, लायब्ररी टाकली की, तरी नाहीच म्हनायलंय."

परभणीत माझ्याकडे सी शिकायला येणाऱ्या मुलांच्या तोंडून हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. गेल्या पावसाळ्यात ते म्हणणारा मुलगा जिंतूरकडचा होता. आपल्या महसूल मंडळातल्या पावसाची रोजची नोंद ठेवायची आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्या दिवसावर अतिवृष्टीची खूण करायची, एवढंच त्याला हवं होतं. नोंदी साठवायला त्यानं एसक्यूलाइट ही डेटाबेसची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला आणि आपल्या प्रोग्रामला वापरता येणारा कोड, निवडली होती. प्रोग्राम चाळीसेक ओळींचा आणि नीट लिहिलेला होता. पण तीन दिवस तो कंपाइलच होईना, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालवता येणारा प्रोग्राम तयारच होईना. हे आपल्याच्यानं होणार नाही, असं त्या पोराला वाटायला लागलं होतं.

प्रोग्राममध्ये चूक नव्हतीच. कंपाइल करायची ओळ त्यानं दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून उतरवून घेतली होती, आणि त्या ओळीतले लायब्ररीचे पत्ते त्या लॅपटॉपचे होते. हे पत्ते हातानं लिहायचेच नसतात. ते आपल्याच मशीनला विचारायचे. कसे विचारायचे, ते पुढे सांगतो. उदाहरणं उबंटू या लिनक्सच्या वितरणावरची आहेत. कमांड्स उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाका. मोठं अक्षर लागेल तिथं तसं सांगेन.

आधी बघा, गाडी कुठं अडली

प्रोग्राम तयार होऊन चालेपर्यंत लायब्ररीची गरज तीनदा पडते, आणि तिन्ही वेळा वेगळ्या गोष्टीची. कंपायलरला हेडर फाइल, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख लिहिलेली फाइल लागते. आपला कोड आणि लायब्ररी जोडणाऱ्या लिंकरला प्रत्यक्ष लायब्ररीची फाइल लागते. प्रोग्राम चालवताना तीच लायब्ररी सिस्टिमला पुन्हा सापडावी लागते.

हेडरच्या नावापुढे "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" आलं, तर कंपायलर अडलाय. "अनडिफाइन्ड रेफरन्स" किंवा "कॅनॉट फाइंड" आलं, तर हेडर मिळालंय पण लिंकर अडलाय. सगळं तयार झालं आणि चालवताना "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज" आलं, तर मामला तिसऱ्या टप्प्यावरचा आहे. मुलं लाल अक्षरं दिसली की शेवटची ओळ वाचतात. पहिली वाचा. पुढच्या बऱ्याचशा ओळी तिच्याच पोटातून आलेल्या असतात.

डेव्ह पॅकेज बसवा

"टाकली की" म्हणणाऱ्या मुलानं एसक्यूलाइट३ नावाचं पॅकेज टाकलं होतं. त्यातून फक्त टर्मिनलवर चालणारी कमांड मिळते. आपला प्रोग्राम लिहायला लागणारी हेडर फाइल उबंटू आणि डेबियनवर वेगळ्या पॅकेजमध्ये असते, आणि त्याच्या नावाच्या शेवटी डेव्ह असतं:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबएसक्यूलाइट३-डेव्ह पीकेजी-कॉन्फिग

फेडोरावर अशा नावांच्या शेवटी डेव्हल असतं. निम्म्या तक्रारी या एका ओळीत मिटतात, म्हणून पुढं जाण्याआधी ही खात्री कराच.

पीसी फाइल उघडून वाचा

वरच्या ओळीत पीकेजी-कॉन्फिग आलं, तेच आपलं विचारायचं साधन. पूर्वी प्रत्येक मोठी लायब्ररी स्वतःची वेगळी स्क्रिप्ट घेऊन यायची, जीटीके-कॉन्फिग, ग्नोम-कॉन्फिग अशी. २००० साली जेम्स हेन्स्ट्रिज यांनी या सगळ्यांच्या जागी एकच साधन लिहिलं. आता बऱ्याच वितरणांत त्याच नावाखाली पीकेजीकॉन्फ हे नवं साधन काम करतं. आपल्याला वापरताना फरक जाणवत नाही.

याची सगळी माहिती पीसी फाइलींत असते. डेव्ह पॅकेजसोबत एक छोटी मजकूर फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी टिंब व पीसी असतं. नेहमीच्या ६४ बिटच्या उबंटूवर ती /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/पीकेजीकॉन्फिग या फोल्डरमध्ये सापडेल. एकदा तरी ती उघडून बघा. मी त्या मुलाला एसक्यूलाइटची फाइल मोठ्यानं वाचायला लावली. वर प्रीफिक्स, म्हणजे लायब्ररी ज्या मुळाखाली बसवली तो पत्ता: /यूएसआर. मग त्याच्याच आधारानं लिबडिर आणि इन्क्लूडडिर, म्हणजे लायब्ररीची जागा आणि हेडरची जागा. त्याखाली नाव, वर्णन, आवृत्ती. आणि शेवटाकडे खऱ्या कामाच्या ओळी: लिब्ज आणि सीफ्लॅग्ज. लिब्जपुढे मोठ्या एलनं सुरू होणारा फोल्डर आणि छोट्या एलनं सुरू होणारं लायब्ररीचं नाव, सीफ्लॅग्जपुढे मोठ्या आयनं सुरू होणारा हेडरचा फोल्डर. "म्हंजे हे सगळं इथंच लिहिलेलं होतं?" तो म्हणाला. होतं. लायब्ररी बनवणाऱ्यानंच लिहून ठेवलेलं होतं.

आता विचारा

पहिला प्रश्न, आहे का आणि कुठली आवृत्ती:

पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन एसक्यूलाइट३

आकडा आला की लायब्ररी ओळखली गेली. मग पत्ते:

पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज एसक्यूलाइट३
पीकेजी-कॉन्फिग --लिब्ज एसक्यूलाइट३

इथं हमखास गोंधळ होतो. सीफ्लॅग्जच्या कमांडला उत्तर म्हणून रिकामी ओळ येते, आणि मुलांना वाटतं बिघडलं. बिघडलेलं नाही. एसक्यूलाइटचं हेडर /यूएसआर/इन्क्लूडमध्ये असतं, तिथं कंपायलर न सांगताही बघतोच, म्हणून साधन तो पत्ता गाळून टाकतं. लिब्जच्या उत्तरातही त्याच कारणानं फोल्डर गळतो आणि -एलएसक्यूलाइट३ एवढंच उरतं. शंका असेल तर सीफ्लॅग्जऐवजी --एक्झिस्ट्स लावून कमांड द्या आणि लगेच एको $? करा. शून्य आलं तर लायब्ररी आहे. याउलट खिडक्या आणि बटणं दाखवणाऱ्या जीटीके लायब्ररीबद्दल जीटीके+-३.० या नावानं विचारून बघा, दोन-तीन ओळी भरतील इतके फोल्डर येतात. ते हातानं लिहायचे म्हटले तर कुणीही चुकेल.

ही उत्तरं कागदावर उतरवायची नाहीत, सरळ कंपाइलच्या ओळीत ओवायची. डॉलरचं चिन्ह आणि गोल कंस वापरला की शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आतली कमांड आधी चालवतं आणि तिचं उत्तर तिथं ठेवतं:

जीसीसी पाऊस.सी -ओ पाऊस $(पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज एसक्यूलाइट३)

आपली सी फाइल आधी, लायब्ररी नंतर. हा क्रम पाळाच. उबंटूवर लिंकर डावीकडून उजवीकडे जाताना, जिची अजून कुणाला गरज पडलेली नाही ती लायब्ररी सोडून देतो. ती आधी लिहिली, तर नाव बरोबर असूनही "अनडिफाइन्ड रेफरन्स" येतो. यात मी स्वतः शिकत असताना एक अख्खी रात्र घालवली आहे.

दोन लायब्ऱ्या लागत असतील तर दोन्ही नावं एकाच कमांडमध्ये द्या. एक लायब्ररी दुसरीवर अवलंबून असेल तर पीसी फाइलीतल्या रिक्वायर्स या ओळीवरून साधन तिचे पत्तेही आपोआप गोळा करतं. स्टॅटिक जोडणी करायची असेल, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामच्या फाइलीतच भरायची असेल, तर --स्टॅटिक लावा, एरवी नको.

नावच सापडत नसेल

पॅकेजचं नाव, लायब्ररीचं नाव आणि पीसी फाइलीचं नाव, ही तिन्ही वेगळी असू शकतात. चित्रांवर काम करणाऱ्या ओपनसीव्ही लायब्ररीच्या चौथ्या आवृत्तीची पीसी फाइल ओपनसीव्ही४ नावानं असते. पोस्टग्रेस या डेटाबेससाठी लिबपीक्यू असं विचारावं लागतं. आठवत नसेल तर सगळी यादी काढून त्यात शोधा:

पीकेजी-कॉन्फिग --लिस्ट-ऑल | ग्रेप -आय ओपनसीव्ही

गणिताच्या लायब्ररीसारख्या काहींना पीसी फाइल नसतेच. तिथं शेवटी -एलएम लिहिलं की झालं.

स्वतः बांधलेली लायब्ररी

सोर्सवरून बांधलेली लायब्ररी बहुतेकदा /यूएसआर/लोकलखाली जाते, किंवा सुडोचा, म्हणजे पूर्ण मशीनवर बदल करायचा, अधिकार नसलेल्या लॅबच्या मशीनवर आपल्या होम फोल्डरमध्ये. होममध्ये असेल तर पीकेजी-कॉन्फिगला तिचा ठावठिकाणा नसतो, आणि तसा निरोपही ते देतं. त्या निरोपातच उपाय लिहिलेला असतो, फक्त शेवटपर्यंत वाचला पाहिजे: पीसी फाइल असलेला फोल्डर पीकेजी_कॉन्फिग_पाथ या चलात (व्हेरिएबलमध्ये) टाका. चलाचं नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत लिहायचं, आणि मधल्या दोन्ही जागी अंडरस्कोर द्यायचा.

एक्सपोर्ट पीकेजी_कॉन्फिग_पाथ=$होम/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग

होमसुद्धा मोठ्या अक्षरांत. इथं पीसी फाइलीचा फोल्डर द्यायचा असतो, लायब्ररीचा नाही. या चलातले फोल्डर नेहमीच्या जागांच्या आधी तपासले जातात, म्हणून जुनी आणि नवी अशा दोन आवृत्त्या असतील तर कुठली उचलली जातेय ते मॉडव्हर्जननं पुन्हा बघून घ्या. शिवाय पुढे सुडो लावून कमांड दिली की हे चल बहुधा सोबत जात नाही. कंपाइल करायला सुडो लागतच नाही, ते फक्त इन्स्टॉलच्या वेळी.

तयार झाला, पण चालेना

पीकेजी-कॉन्फिगचं काम लिंकरपाशी संपतं. होममधली लायब्ररी चालवताना सापडावी म्हणून तिचा लिब फोल्डर एलडी_लायब्ररी_पाथ या चलात द्या. हेही नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत. /यूएसआर/लोकलमध्ये नवी लायब्ररी बसवल्यावर एकदा सुडो एलडीकॉन्फिग चालवा, म्हणजे सिस्टिम आपली यादी ताजी करते. नेमकं काय हरवलंय ते एलडीडी ./पाऊस या कमांडनं कळतं. ज्या लायब्ररीपुढे "नॉट फाउंड" दिसेल, ती शोधायची.

मेकफाइलमध्ये

रोज तीच ओळ टंकण्याऐवजी ती मेकफाइलमध्ये, म्हणजे मेक ही कमांड वाचते त्या फाइलीत ठेवा. तिथं डॉलर-कंसाच्या आत आधी शेल हा शब्द लिहावा लागतो, मग पीकेजी-कॉन्फिगची कमांड. मेकसारखीच सीमेक आणि मेसन ही साधनं आहेत. सीमेकमध्ये पीकेजी_चेक_मॉड्यूल्स हेच काम करतं, आणि मेसनचं डिपेंडन्सी तर आधी पीकेजी-कॉन्फिगलाच विचारतं. त्या मुलानं मेकफाइल केली, पेनड्राइव्हवर घातली आणि गावाकडच्या चुलतभावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर नेली. तिथं उबंटू ३२ बिटचं, लायब्ऱ्यांचे फोल्डर निराळे. त्यानं डेव्ह पॅकेज टाकलं, मेक म्हटलं, आणि एक अक्षर न बदलता प्रोग्राम तयार झाला. संध्याकाळी त्यानं मला पहिल्या नोंदीचा फोटो पाठवला.