खुरपं, कात्री आणि मुंबईची हवा: गंज काढायचा कसा, थोपवायचा कसा

लोखंडाला गंज चढायला हवेत साधारण ६० टक्के दमटपणा पुरतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये तो सरासरी ८० च्या वर असतो, आणि वर्सोवा-दादरच्या किनाऱ्याजवळ राहत असाल तर त्यावर खाऱ्या वाऱ्याची फोडणी. परदेशी व्हिडिओंतले उपाय इथे निम्मेच चालतात ते त्यामुळे.

माती खरवडून अवजार धुवा. सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) असेल तर मधला नट सोडवून पाती सुटी करा, स्प्रिंग वाटीत ठेवा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने निघतो. तेवढ्याने निघाला तर भिजवायच्या फंदात पडू नका.

मुरलेल्या गंजाला पांढरं व्हिनेगर घ्या. पातं पूर्ण बुडालं पाहिजे, लाकडी दांडा बाहेर. रात्रभर पुरे. ‘दोन दिवस राहू द्या’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. गंज संपला की आम्ल लोखंडच खायला लागतं आणि पातं खरबरीत होतं. जस्ताचा मुलामा असलेली झारी यात घालू नका, मुलामा विरघळून जाईल. संडास धुवायचं ॲसिडही नको. त्याने गंज झटकन जातो, पण मागे राहिलेला क्लोराइड मिठासारखाच नवा गंज ओढवतो. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

इथवर सगळ्यांना जमतं. घोडं पेंड खातं ते यापुढे.

व्हिनेगरमधून काढलेलं पातं स्वच्छ दिसतं. आपण ते धुतो, ओट्यावर ठेवतो, चहा टाकतो. चहा उकळेपर्यंत पात्यावर केशरी भुकटी हजर. मग लोक व्हिनेगरला नावं ठेवतात. दोष व्हिनेगरचा नाही. आम्लाने उघडं पडलेलं कोरं लोखंड ओलं राहिलं, एवढंच. मीही यावर बरेच दिवस डोकं फोडलं होतं.

म्हणून पातं बाहेर काढण्याआधीच पुढची तयारी हाताशी हवी. लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घाला. पातं थेट त्यात टाका आणि जुन्या टूथब्रशने सांधे घासा. उरलेलं आम्ल तिथेच दडतं. मग नळाखाली धरा, सुक्या फडक्याने पुसा आणि लगेच हेअर ड्रायर मारा. तो नसेल तर नुकता गॅस बंद केलेल्या तव्यावर ठेवा. पंख्याखाली वाळवणं म्हणजे पावसाळ्यात गंजाला आमंत्रण. ज्योतीवर मात्र धरू नका. धार निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला, मग लोहार गाठा. पातं कोमट असतानाच तेल लावा. एका वेळी एकच अवजार घ्या. चार एकदम काढलीत तर तीन गंजणारच.

तेल शिलाई मशीनचं. ते पातळ असतं, सांध्यात शिरतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं नको. हवेने चिकट होतं आणि धूळ धरतं. मेथी-कोथिंबिरीच्या कुंडीत वापरायच्या खुरप्याला खोबरेल लावा. गाडीचं जुनं ऑइल आपल्या भाजीत कशाला? दांड्याला जवसाचं तेल, पण त्याचं फडकं चुरगळून कोपऱ्यात फेकू नका, ते आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा.

तेलकट वाळूच्या बादलीत अवजारं खोचायचा सल्ला जिकडेतिकडे दिसतो. आपल्याकडे पावसाळ्यात वाळू दमट राहते, खाडीची असली तर वर मीठही. प्लास्टिकच्या पिशवीत आत पाणी सुटतं. बाल्कनीच्या ग्रिलला टांगणं तर सोडाच. घरातल्या कोरड्या कपाटात, हवा लागेल असं ठेवा. पोटॅश किंवा युरिया लागलेलं खुरपं त्याच दिवशी धुऊन पुसा, ही खतं लोखंडाला सोडत नाहीत. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तेलाचं बोट फिरवा. दिवाळीनंतर महिन्यातून एकदा पुरतं.