पान सकाळी उघडतंय तोवरच फवारा: पावसाच्या खंडात चारा ज्वारी-मक्यासाठी सल्ला

पावसाने ओढ दिली की अमळनेर, पारोळा, शिंदखेडा पट्ट्यात एकच चूक दरवर्षी होते. चारा पार माना टाकेपर्यंत आभाळाकडे बघत बसायचं, मग धावत जाऊन टॉनिकची महागडी बाटली आणायची. तोवर पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मिटलेली असतात, औषध आत नीट शिरत नाही. इथे फवारायचं ते सॅलिसिलिक आम्ल, हे एक संप्रेरक, म्हणजे झाडाला आतून इशारा देणारं रसायन; ते पाणी नव्हे. ते झाडाला ताण सोसायला तयार करतं, आणि त्यासाठी झाडात ओल शिल्लक लागते.

सकाळी सातला वावरात जाऊन पान बघा. दुपारी सुरळी झालेलं पान सकाळी सपाट उघडत असेल, तर त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. सकाळीही सुरळी तशीच असेल तर पैसे घालवू नका; विहिरीला पाणी असेल तर आधी एक पाळी द्या, पान उघडलं की फवारा. ढोबळ अदमास: मुरमाड रानात खंडाचा आठवा दिवस, काळ्या जमिनीत बारावा-चौदावा.

सॅलिसिलिक आम्ल 100 पीपीएम (लिटरला 100 मिलिग्रॅम), म्हणजे 15 लिटरच्या पंपाला दीड ग्रॅम. गुडघाभर पिकाला एकरी 200 लिटर पाणी. पावडर गार पाण्यात लवकर विरघळत नाही, नोझल तुंबतो. आधी लिटरभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. चिमटीने मोजू नका, प्रमाण वाढलं की पानांच्या कडा करपतात. सोनाराच्या काट्यावर दीड-दीड ग्रॅमच्या पुड्या बांधून घ्या. ज्वारीच्या पानावर पांढरट मेण असतं, थेंब घरंगळून जातो, म्हणून स्टिकर (थेंब पानाला चिकटवणारं द्रावण) हवाच. खंड लांबला तर 10-12 दिवसांनी दुसरी फवारणी, तिसरी नको.

दुकानदार जिबरेलिक आम्ल (वाढीचं संप्रेरक) देईल, घेऊ नका. त्याने पीक उंच, लुसलुशीत होतं आणि पाण्याची मागणी वाढते. खंडात नेमकं तेच नको. बाटलीवर घटक आणि प्रमाण छापलेलं नसेल तर ती परत करा.

बाकी कामं:
- कोळपणी, भेगा बुजवणे
- तण उपटून ओळीत आच्छादन
- युरिया बंद (ताणात चाऱ्यात नायट्रेट साचतं)

फवारणीने ज्वारी हिरवी दिसली म्हणून ढोरांना घालू नका. ताणातल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष असतंच, फवारणीने ते जात नाही, आणि पावसानंतर फुटलेले नवे कोंब सगळ्यांत घातक. फुलोऱ्यानंतरच कापा. जनावर धापा टाकून थरथरायला लागलं तर घरगुती उपायात वेळ न दवडता तात्काळ पशुवैद्य बोलवा.